डुकरांचं रक्त काढणाऱ्या ताई

“दोरी सैल सोडू नका, आजोबा. हे शेवटचंच.”

वरच्या जबड्याला फास लावलेलं डुक्कर कानठळ्या बसतील असं किंचाळत होतं. ताईंनी गुडघे टेकले, मानेजवळचा खळगा बोटाने चाचपला आणि सुई घातली. डुकराची शीर दिसत नाही, ती हाताला कळावी लागते. पहिल्याच टोचणीत नळीत गडद रक्त उतरलं.

“एवढा आवाज माझ्या घरात भांडणालाही होत नाही,” शेडचे मालक असलेले आजोबा म्हणाले. “चांगलं खातंय, पितंय. मग दर तीन आठवड्यांनी हे कशाला?”

“मेंदूज्वराचा विषाणू याच्या अंगात गपगुमान राहतो. पण डास आधी याला चावतो, मग तुमच्या नातीला. तिच्यात तो गप्प राहीलच असं नाही.”

आजोबांनी दोरी घट्ट धरली.

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून ताईंना अकरा वर्षं झाली होती. नणंद चारचौघांत ओळख करून देताना “वहिनी सरकारी नोकरीत आहेत” एवढ्यावरच थांबायची, डुकरांचं नाव काढायची नाही. ताईंनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या प्लेटमधले सात खळगे पिवळे पडले. आठ डुकरांपैकी सात. पिवळा म्हणजे लागण.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या डॉक्टरसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. “एकदम सात? तपासणीचं किट बिघडलं असेल. नवीन येऊ दे, दोन आठवड्यांनी बघू.”

“तोवर डास थांबणार आहेत का, साहेब?”

“आणि आपलं चुकलं तर? अख्ख्या वस्तीत घबराट होईल. उत्तर मला द्यावं लागतं, ताई.”

त्यांचंही खोटं नव्हतं. ताई वाद न घालता फ्रीझरकडे गेल्या. त्याच आठ डुकरांचे तीन आठवड्यांपूर्वीचे नमुने त्यांनी राखून ठेवले होते. ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. जुने आणि नवे नमुने त्यांनी एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी लावले. जेवणाचा डबा तसाच राहिला. चार तासांनी जुन्यांची रांग पाण्यासारखी होती, नव्यांची पिवळीधमक.

“किट बिघडलेलं असतं तर जुनेही पिवळे पडले असते,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी बराच वेळ प्लेट उजेडात धरली. मग फोन उचलून वस्तीसाठी लशी आणि फवारणी मागितली. फोन ठेवल्यावर अहवालाचा कागद ताईंपुढे सरकवला. “आधी तुमची सही. माझी त्याखाली.”

ताईंनी सही केली. मग पेन साहेबांकडे दिलं.

शाळेत मुलांना लस टोचली गेली, शेडला जाळ्या लागल्या. डासांच्या त्या मोसमात शेजारच्या दोन वस्त्यांतली तीन मुलं तापाने फणफणून दवाखान्यात दाखल झाली. या वस्तीतलं एकही नाही.

मोसम सरल्यावर ताई पुन्हा शेडवर गेल्या. इतकी वर्षं त्या तिथे उलट्या बादलीवर बसून नळ्यांवर आकडे लिहायच्या. आज आजोबांनी घरातून खुर्ची आणली आणि हाताने पुसली.

“बसा,” ते म्हणाले. “नळ्या मी धरतो.”

ताई बसल्या आणि पहिल्या नळीवर तारीख घातली.