आधी बॅटरी

टक्.

कटरच्या चिमटीत बॅटरीचा दुसरा पाय तुटला आणि काकांनी रोखून धरलेला श्वास सोडला. बोटाच्या पेराएवढी ती बॅटरी तळहातावर घेऊन त्यांनी उन्हात धरली. एका बाजूने निळसर हिरवी बुरशी फुटलेली, खालच्या बोर्डावरही तिचा ओघळ आलेला.

"वेळेवर आलीस गं बाई," ते कॉम्प्युटरला म्हणाले. "आणखी थोडे दिवस गेले असते तर हिनं तुला खाऊन टाकलं असतं."

मग सवयीने त्यांनी कापलेल्या बॅटरीला मीटरच्या दोन तारा लावल्या. काटा उठला, चांगला अर्ध्याच्या पुढे गेला.

"बघ, म्हातारीत जीव आहे अजून!" काका हसले आणि बॅटरी भंगाराच्या डब्यात टाकली.

काकांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. इमारतीत त्यांना अजूनही लिफ्टवाले काकाच म्हणत. नोकरी संपल्यावर त्यांना हा नाद लागला. टीव्हीला जोडायचे जुने घरगुती कॉम्प्युटर, लोकांनी माळ्यावर टाकलेले, ते आणून पुन्हा चालते करायचे. गॅलरीला काचा लावून त्यांनी तिथे टेबल मांडलं होतं. कामाला बसण्याआधी मशीनवर तळवा ठेवून ते डोळे मिटत. 'देवा, हात स्थिर ठेव,' एवढंच मागणं. मग झाकणाचे स्क्रू काढायचे आणि सगळ्यात आधी बॅटरी. बाकी काही बघायच्याही आत. बॅटरी म्हणजे अंथरुणातला विंचू, असं त्यांचं म्हणणं. ती गळते, आतल्या बारीक तांब्याच्या रेघा खाते, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

"झालं का ऑपरेशन?" काकू चहा घेऊन आल्या. टेबलावर कप ठेवायला जागा शोधू लागल्या. "मला या घरात पाय पसरायला जागा नाही, आणि तुमच्या पेशंटांना काचेच्या खोल्या."

"टेलरबाईंचं मशीन आहे हे. कोपऱ्यावरच्या."

"माहीत आहे. त्या दारात उभं राहून काहीतरी सांगत होत्या बिचाऱ्या, तुम्ही ऐकून घेतलंत का? 'ठेवा, ठेवा, मला सगळी मशीनं सारखीच.' लगेच काढून घेतलंत हातातून."

"अगं, चित्र येत नाही, आवाज येत नाही. आणखी काय सांगणार?"

खरा बिघाड अगदी किरकोळ निघाला. टीव्हीची तार जिथे लागते तिथला डाग, म्हणजे कथलाचा सांधा, तडकला होता. काकांनी सोल्डरगन तापवली, कथलाची तार टेकवली, राळेचा ओळखीचा धूर नाकात गेला, आणि डाग चांदीच्या थेंबासारखा चकचकीत बसला. स्वयंपाकघरात रेडिओवर कीर्तनकार गाऊन सांगत होते, मागचे टाळकरी त्यांना साथ देत होते. काकाही गुणगुणू लागले. व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने बुरशी साफ केली, बटणांमधली धूळ काढली. टीव्ही लावला. निळा पडदा उजळला, आणि कोपऱ्यात छोटा चौकोन उघडझाप करू लागला.

लिफ्ट वर्षानुवर्षं दुरुस्त केल्या, पण अडकलेला माणूस बाहेर येताना त्याच्या तोंडावर जो आनंद दिसे, तो इथे काकांच्याच तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, ब्लाऊजला टोचलेली सुई तशीच. पडदा बघून त्या खुर्चीत टेकल्या आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

"उठलं की हो," त्या म्हणाल्या. "आता ते वाजवा."

"काय वाजवू?"

"माझ्या भावानं आत ठेवलंय ते. त्या दिवशी सांगत होते ना दारात." त्या पुढे सरकल्या. "आई शिवताना एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हतेच, नुसती चाल. तिची तिनंच केलेली असावी, दुसऱ्या कुणाकडून मी ऐकली नाही. भाऊ कमरेखाली लुळा, सारखा अंथरुणात. पण कान पक्का. त्यानं ती सगळी चाल याच्यात घातली, एकेक सूर करून. आई गेली, मग तोही गेला. मला पहिली ओळच येते हो. पुढची सुरू करायला जाते आणि निसटते."

काका खुर्चीतून अर्धे उठले. 

"कॅसेटवर उतरवून ठेवलं नव्हतं?"

"टेपरेकॉर्डर आधीच बिघडला होता. तो म्हणाला, यालाच आठवतं सगळं, फक्त दर रविवारी तासभर वीज दाखव, नाहीतर हे विसरेल. चित्र बंद पडलं तरी मी एक रविवार चुकवला नाही. कोऱ्या टीव्हीसमोर बसायचे आणि वीज दाखवायचे. शेजारीण म्हणायची, देवपूजा चालली आहे का?" त्या हसल्या. "लावा ना."

 पडद्यावर तो चौकोन उघडझाप करत होता, आणि त्याच्या मागे काहीही नव्हतं, हे त्या खोलीत एकट्या काकांना माहीत होतं.

मग दारात उभ्या काकूंनाही कळलं. नवऱ्याचं तोंड त्या इतकी वर्षं वाचत आल्या होत्या. त्या पुढे झाल्या, टेलरबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, जुनी वस्तू ती. आतली बॅटरी गळलेली होती म्हणे. हिरवी बुरशी आलेली, मी डोळ्यांनी बघितली. तिच्याबरोबर गेलं असेल ते. कुणाचा इलाज नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. टेलरबाईंनी मान हलवली. डोळे भरून आले, तरी त्याच समजूत घालू लागल्या. "असेल. बरोबर आहे. तुम्ही तरी काय करणार काका? तुम्ही एवढं केलंत."

तिथे गप्प बसायचं, एवढंच काम होतं. काकांनी भंगाराच्या डब्याकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले. "बॅटरी गळत होती, पण मेली नव्हती. मी मीटर लावून बघितलं, कापल्यावर. तुम्ही दिलेली वीज तिच्यात होती. तिच्याच जोरावर आत सगळं शाबूत होतं, आणि मी उघडल्या उघडल्या कापली. माझी रीतच तशी आहे, आधी बॅटरी. नवी जोडून घेऊन मग जुनी काढता आली असती. मी विचारलं नाही तुम्हाला."

 टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली.

"माप न घेताच कापड कापलंत, काका."

त्या उठल्या.

"हे घेऊन जाताय ना?" काकूंनी हळूच विचारलं.

"कशाला? आता रविवारी कुणाला वीज दाखवू?"

दार लागल्यावर काकू म्हणाल्या, "मी सांभाळून घेत होते ना. काय गरज होती?"

"तू सांभाळलंस गं. पण तिनं माझे आभार मानायला सुरुवात केली होती."

त्यानंतर काकांनी गॅलरीचा दिवा लावला नाही. संध्याकाळी देवापुढे बसत, पण नाव घ्यायला तोंड उघडलं की कानात 'टक्' वाजे. काकू चिडवायच्याही थांबल्या. चहा मुकाट्याने हाताशी ठेवत. दुसऱ्या एकाचं मशीन आलं, तर काकांनी दारातूनच परत पाठवलं.

असंच एका सकाळी रेडिओवर ते कीर्तन लागलं. कीर्तनकारांनी एक ओळ घेतली, अर्ध्यावर आणली आणि सोडून दिली. मागच्यांनी ती उचलली. पुन्हा अर्ध्यावर सोडली, पुन्हा उचलली. हे काकांनी आयुष्यभर ऐकलं होतं. मुद्दाम अर्धी सोडतात, म्हणजे ऐकणारा जागा आहे की नाही ते कळतं. त्या दिवशी मात्र काकांचं लक्ष मधल्या त्या क्षणभराच्या शांततेवर गेलं. ओळ अर्धीच, तरी सगळे तिच्यासाठी कान देऊन थांबलेले; आणि टेलरबाईंना पहिली ओळ येत होती. ते उठले, गॅलरीत गेले आणि काचेवरचा पडदा सरकवला.

टेलरबाईंच्या दुकानात दोन बायका फिटिंगसाठी थांबल्या होत्या. काका काखेत कॉम्प्युटर आणि हातात छोटा टीव्ही घेऊन दारात उभे राहिले.

"आता काय?" शिलाई मशीनवरून मान वर न करता बाई म्हणाल्या.

"तुम्हाला जेवढी येते तेवढी म्हणा. मी घालतो याच्यात."

"इथं? गिऱ्हाईकांसमोर?"

"मी थांबतो."

"थांबा मग." त्यांनी पायडल जोरात मारलं.

काका कपाटाशेजारी स्टुलावर बसून राहिले. एक बाई गेली, दुसरी गेली. बाही लावता लावता टेलरबाईंच्या तोंडून आपसूकच ती चाल येऊ लागली. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. काकांनी हळूच वायर जोडली आणि ते एका बोटाने बटणं दाबायला लागले. कॉम्प्युटरने पिपाणीसारखा आवाज काढला.

बाईंचा पाय थांबला. "असं नाही. वर जातं ते."

"एवढं?"

"एवढं नाही हो, मांजराची शेपटी दाबल्यासारखं काय! आईचा आवाज चिरका होता, पण इतका नव्हता. हां... हां, तिथे थोडं रेंगाळायचं. तिला तिथं कापड फिरवावं लागायचं, म्हणून लांबवायची."

अशी ती ओळ बसली. बाईंनी पुढची धरायचा प्रयत्न केला. एकदा खालून, एकदा वरून. मग मान हलवली.

"जुळतं असं काहीतरी पुढे घालू का?" काकांनी विचारलं. "कानाला बरं लागेल."

"नको. उगाच कुणाच्या मापाचं मी अंगावर घालत नाही."

काकांनी कॉम्प्युटर उलटा केला. जुन्या बॅटरीच्या जागी आता दोन बारीक तारा होत्या. त्या मागच्या बाजूने बाहेर येऊन एका छोट्या डबीत गेल्या होत्या. डबीत शेजारी शेजारी दोन बॅटऱ्यांची घरं होती. "बोर्डावर आता काही गळायचं नाही," ते म्हणाले. "एक संपली तरी दुसरी धरून ठेवते. आधी नवी बसवायची, मगच जुनी काढायची. रविवारचं काही राहिलं नाही आता."

बाईंनी डबीवरून अंगठा फिरवला. "रविवारी मी दाखवणारच," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

मग त्यांनी स्वतः बटण दाबलं. चाल वर गेली, कापड फिरवायच्या जागी रेंगाळली, पुढे आली आणि थांबली. निळ्या पडद्यावर चौकोन उघडझाप करत राहिला. बाईंचा पाय पायडलवर तसाच उचललेला होता. काका स्टुलावर थोडे पुढे झुकले होते. दोघंही ऐकत होते.

थोड्या वेळाने पाय खाली आला, आणि शिलाई पुढे सुरू झाली.