आर्गॉनमधलं मिथेनॉल

उन्हाऐवजी लावलेल्या दिव्याखालच्या पेटीत कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडला, तरी पडद्यावरच्या आलेखात मिथेनॉलचं टोक तसंच ताठ उभं होतं. ते पाहून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती काम करायची त्या प्रयोगशाळेची प्रमुख तिची सख्खी नणंद. ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेनॉल बनवायचं, म्हणजे दिवसाचं ऊन बाटलीत भरून ठेवता येईल. त्यासाठी नणंदेने तांबे-जस्ताचा उत्प्रेरक तयार केला होता. उद्या त्याची जाहीर घोषणा होती. सासूबाईंनी तर इमारतभर सांगून ठेवलं होतं.

पण आर्गॉनमध्ये कार्बन नसतोच. मग मिथेनॉल आलं कुठून?

उत्प्रेरकाची पूड मिथेनॉलने धुवायची, ही नणंदेचीच पद्धत. पुडीत मुरलेलं तेच आता बाहेर पडत होतं. ही चाचणी आधी करा म्हणून धाकटी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडत होती, आणि दर वेळी "नंतर बघू" म्हणून तिची बोळवण झाली होती.

ती तडक नणंदेच्या खोलीत शिरली. "ताई, कार्बन डायऑक्साइड बंद केला तरी मिथेनॉल येतंय."

"गळती असेल कुठेतरी."

"नाही, तपासलं मी. ते तुमच्या पुडीतच आहे."

नणंदेने चष्मा काढला. "धाकटे, घरातला राग इथे काढू नकोस."

"घरात मी तोंड तरी उघडते का? हा राग इथलाच आहे. उद्या सगळ्यांसमोर खोटं बोलणार आहात तुम्ही."

नणंद उठली. तिने स्वतः नवी पूड घेतली, नुसत्या पाण्याने धुतली, भट्टीत वाळवली आणि पेटीत कार्बन डायऑक्साइड सोडला. दोघी एकाच बाकावर बसल्या, तोंडं मात्र दोन दिशांना. संध्याकाळपर्यंत पेटीत पाण्यातून सुटलेला हायड्रोजन भरपूर जमला. मिथेनॉलचा मागमूस नव्हता.

घोषणा रद्द झाली. रात्री जेवताना सासूबाईंनी कारण विचारलं.

"हिने ऐन वेळी खोडा घातला," नणंद म्हणाली.

धाकटीचा नवरा ताटात बघत राहिला. धाकटीने हातातली वाटी खाली आपटली. "आई, त्यातून मिथेनॉल होतच नव्हतं. ताई, निदान घरात तरी खरं सांगा."

नणंदेने ताट बाजूला सारलं.

"नव्हतं होत," नणंद शेवटी पुटपुटली. "धुण्यातच चूक होती. माझी."

धाकटी तरी धुमसतच उठली. सकाळी तिने जस्ताचं प्रमाण बदलून नवी पूड करायला घेतली. थोड्या वेळाने नणंद आली आणि शेजारी बसून तांबं तोलू लागली. धाकटीने सरकून तिला जागा दिली. बोलली मात्र नाही.