नऊ वेळा नंदिनी

“काहून वं ताई, पुन्हा कोराच फॉर्म?” धम्मानंदभाऊ माझ्या कानाशी कुरकुरले. मनीषनगरच्या आमच्या वधू-वर केंद्रात ते दर रविवारी लेकीची माहिती भरत, सेव्ह करत, आणि पुढच्या रविवारी ती दिसली नाही की पुन्हा भरत.

चूक माझीच. फॉर्म फक्त नव्या नोंदीसाठी उघडेल असा मीच करून ठेवला होता. जुन्या नोंदी आत साठतच होत्या. मी ते बदललं आणि स्क्रीनवर नंदिनी नऊ वेळा उगवली. वय एकोणतीस, अपेक्षा ‘वडील म्हणतील तो’.

शेजारी बसलेली नंदिनी स्वतःच्याच रांगेकडे बघत राहिली.

“यातली कोणती ठेवू?” मी विचारलं.

मागे उभी असलेली तिची आई तुळसाबाई म्हणाली, “एकबी नका ठेवू. पोरीले लग्नच नाही करायचं.”