समोरची बाजू

हणमंताला विचारायची रीत ठाऊक नाही. पोटचा पोर असला म्हणून काय झालं? सकाळी त्यानं माझी डावी बाजू कागदावर काढून घेतली आणि एका शब्दानं विचारलं नाही. मी शेंगा फोडत बसले होते. तो शेजारी टेकला, कोळसा फिरवला, कागद झटकला, झालं. तेव्हापासून डावीकडून मी दिसत नाही. सून चहा घेऊन त्या अंगानं आली ती थेट माझ्या मांडीवर बसली.

"इंदू, पाट आहे का मी?"

"आत्याबाई, इथं कुणी नव्हतं हो," असं म्हणून ती उठली आणि उजवीकडून फिरून आली.

हणमंत दगडाच्या मूर्ती करतो. देवांच्या नव्हे, माणसांच्या. घडण अशी ओबडधोबड की त्यातला माणूस लोकांना शोधावा लागतो. दगडाला छिन्नी लावायच्या आधी माणसाच्या चारी बाजू कागदावर घ्याव्या लागतात. चारी उतरल्या की माणूस अख्खा दगडात जातो आणि टिकतो. एक राहिली तर तो धड इथला नाही, धड तिथला नाही. या खेपेचा दगड माझ्यासाठी आणलाय. मी नाही म्हणणार नव्हते. पण विचारावं तरी.

दुपारी उजवी बाजू गेली. मी पातळ झाले. दारातून वारा आला की फडफडायला लागले, तेव्हा इंदूनं माझ्या पायांवर वरवंटा ठेवला.

"आता पाठ घे," मी म्हणाले.

"पाठ आहे माझ्याकडं."

त्यानं गठ्ठा सोडला. कॅलेंडरची पानं, साखरेच्या पुड्या, रद्दी. सगळ्यांवर माझी पाठ. चुलीपुढची, वखारीत कोळसा तोलतानाची, गिऱ्हाइकाशी भांडतानाची. तळचे कागद तो पाटीवर अक्षरं गिरवायचा तेव्हाचे; रेघा वेड्यावाकड्या, पण अंबाडा बरोबर. कोळसा माझ्याच वखारीतला. मी हात मागं नेऊन चाचपलं. तिथं पाठ नव्हती. कधीची गेली होती कोण जाणे.

मग तो माझ्या पुढ्यात बसला. कोळसा उचलला आणि थांबला.

"इथं काय असतं, आई?"

"नाक असतं. डोळे असतात. बघ की."

तो बघत होता. हात चालला, कागदावर अंबाडा आला. दुसरा कागद घेतला, त्यावर मान आली, पाठीचा कणा आला. मी पदर सारखा केला, हनुवटी वर केली. हसूनसुद्धा पाहिलं, ते मला जमत नाही. पुन्हा अंबाडा. कागद भिंतींना टेकून उभे राहू लागले. खोलीभर माझ्या पाठी, एकमेकींना चिकटून, आणि एकही वळेना. मला उभं राहायला दोन कागदांमधली फट उरली. तेवढी मला पुरली.

"राहू दे," तो म्हणाला. "ही बाजू मी पाहिलेलीच नाही."

"जन्मभर या घरात मीच वावरले ना?"

"वावरलीस."

त्यानं माझ्या तीन बाजूंची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि उंबऱ्याकडं निघाला. तेव्हा मला त्याची पाठ दिसली. केवढी रुंद झालीये. उजवा खांदा घाव घालून घालून खाली झुकलाय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्या पाठीला म्हणाले, "हणमंता, एवढी वर्षं मागं बसून मुकाट रेघा ओढल्यास. एक हाक मारली असतीस तर मी वळले असते. चूक तुझी आहे."