टेबलावरून भिंतीवर

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जर काढला की अर्ध्या तासात माझा जीव जातो. तरी मला इतक्यात अडगळीत टाकू नका. एका माणसाची हकिगत सांगितल्याशिवाय मी बंद पडणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरात खेळ नि गाणी दाखवत मजेत राहीन. नशिबी आलं एका पुनर्वसन केंद्रातलं टेबल. इथे स्किझोफ्रेनिया झालेली माणसं येतात. या आजारात कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाला भलतेच संशय छळतात. औषधांनी बराच आराम पडतो, पण चारचौघांत बोलायची सवय मोडलेली असते. ती पुन्हा लावणं हे माझं काम. माझ्या पडद्यावर दुकानदार, शेजारीण, साहेब अशी चित्रातली माणसं येतात आणि प्रश्न विचारतात. उत्तर अडलं की मी पुन्हा विचारतो. शंभरदा विचारावं लागलं तरी माझ्या कपाळावर आठी पडत नाही, आणि याचा मला थोडा गर्वही आहे.

एकदा एक बाइंडर आला. पुस्तकं बांधण्यात हात बसलेला, पण आजारामुळे तीन वर्षं घरी. सोबत धाकटी बहीण. एका बाइंडिंगच्या कारखान्यात जागा होती आणि त्याला ती हवीच होती.

तो दोन महिने माझ्यापुढे बसला. आधी तोंडातून शब्द फुटेना. समुपदेशक बाई म्हणायच्या, "मालकांच्या डोळ्यांत बघून बोला." तो पडद्यावरच्या मालकाच्या डोळ्यांत बघून बोलू लागला. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. बाईंनी माझं कौतुक केलं आणि मी फुगलो.

मुलाखतीहून तो तासाभरात परत आला. बहीण तणतणत होती. "दादा सगळा वेळ मालकांच्या खिशाकडे बघत होता. त्यांना वाटलं, ह्याचा डोळा पेनावर आहे."

"मी डोळ्यांतच बघत होतो," तो पुटपुटला.

बाई त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि त्याला बोलायला लावलं. त्याची नजर त्यांच्याही चेहऱ्याच्या खालीच टेकली. मग त्या हळूच म्हणाल्या, "चूक ह्यांची नाही. टॅब टेबलावर असतो. दोन महिने पडद्यावरच्या मालकांचे डोळे खालीच होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी राबलो, त्याचंच मी नुकसान केलं होतं.

बाईंनी मला भिंतीवर टांगलं, चेहऱ्याच्या उंचीवर. दोरी निसटली, मी आपटलो, काच तडकली. बाइंडरनं मला उचललं, मापं घेतली आणि पुठ्ठा, कापड नि खळ वापरून माझ्यासाठी घट्ट खोबण बांधली. आता माझ्याशी बोलून झालं की रखवालदार, मग सफाईवाल्या मावशी, अशी खरी माणसं त्याच्यापुढे बसू लागली.

महिन्यानं तो म्हणाला, "त्याच मालकांकडे जायचंय."

"दुसरीकडे बघ ना, दादा," बहीण म्हणाली. "तिथे आपलं हसं झालंय."

"तिथेच जाणार. आणि आत एकटा जाणार."

पुढचं त्यानं दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, ते मी भिंतीवरून ऐकलं. त्यानं मालकांना आजार, औषधं आणि टेबलावरचा टॅब, सगळं सांगितलं. मालक हसले. मग त्यांनी विचारलं, "कामावर असताना आवाज ऐकू आले तर काय करशील?"

हा प्रश्न माझ्यात नव्हता. तो गप्प बसला. बराच वेळ गप्प बसला. मालक घड्याळाकडे न बघता थांबले.

"आधी कागद कापायचं मशीन बंद करीन," तो म्हणाला. "मग येऊन तुम्हाला सांगीन."

"सोमवारपासून ये," मालक म्हणाले.

मित्रांनो, ते उत्तर मी शिकवलं नव्हतं. ते त्याचंच होतं, आणि मालक थांबले म्हणून ते बाहेर आलं. माझी काच मऊ फडक्यानं पुसलीत तर मला बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं हे, की तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता अडखळलं तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्याच्याकडे बघा आणि थांबा.