मारून न जाणारा आजार

"अरे, साखळी धर म्हटलं होतं ना तुला! कुठं तडमडलास?"

थोरल्याचा आवाज पत्र्याखाली घुमला, पण उत्तर आलं नाही. लोखंडी फाटकं आणि जिने बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये दोघे भाऊ काम करायचे. वेल्डिंग थोरल्याचं, कापणं-घासणं धाकट्याचं. त्या दुपारी एका बंगल्याचं फाटक चेन-पुलीला टांगलेलं होतं आणि साखळी धरायचा तो धाकटा मोबाइल घेऊन संडासात बसला होता. आताशा हे रोजचंच झालं होतं. हाक मारावी तर माणूस मोबाइलमध्ये, हे आज कुणाच्या घरात नाही?

साखळी सुटली. फाटक धाडकन खाली आलं. फाटक बघायला आलेलं गिऱ्हाईक दचकून मागं सरलं म्हणून वाचलं, नाहीतर दोन्ही पावलांचा चेंदामेंदा झाला असता.

थोरल्यानं संडासाचं दार लाथेनं उघडलं. धाकट्याच्या हातातल्या पडद्यावर जे चाललं होतं ते बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच धाकट्याची बायको त्याच्यापुढं रडून गेली होती. "दिवसरात्र ते घाणेरडे व्हिडिओच बघतात, भाऊजी. बाहेरच्या बायकांकडेही जातात. शपथ घेतात आणि मोडतात. मी माहेरी चालले," एवढं सांगून ती गेलीसुद्धा होती.

गॅसची रबरी नळी भिंतीला टांगलेली होती. थोरल्यानं ती ओढली आणि धाकट्याला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, कानशिलावर! धाकट्यानं हात वर केला नाही. "मार दादा, मार," एवढंच तो म्हणत राहिला. त्या बोलण्यानं थोरला आणखीच पेटला. शेवटच्या फटक्याला धाकटा कोलमडला आणि त्याचा खांदा ऐरणीवर आपटला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

हॉस्पिटलात त्यानं 'जिन्यावरून पडलो' असं सांगितलं. पण जिन्यावरून पडून पाठीवर असे वळ उठत नाहीत. हाडांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि हळूच विचारलं. ज्यानं आजवर कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं, तो धाकटा त्या अनोळखी माणसापुढं हमसाहमशी रडला. डॉक्टरांनी त्याला वरच्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

हात गळ्यात बांधून घरी आल्यावर त्यानं थोरल्याला सांगितलं, "दादा, याला आजार म्हणतात. लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटण्याचा. त्यावर कोणता उपचार लागू पडतो, याचं संशोधन चाललंय तिथं. मी भाग घेतोय."

"आजार? ताप येतो काय रे तुला त्याचा?" थोरला फिस्कारला. "चैन करायची आणि वर औषध मागायचं! माझी नळीच बरी."

गल्लीत विजेचं दुकान चालवणारा एक जण होता. बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून सगळे त्याला मीटर म्हणायचे. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि आठवडाभरात तिचा डोंगर झाला. हॉस्पिटलात विकृत माणसं गोळा केलीत, त्यांच्यावर प्रयोग चाललेत, आता आपल्या आयाबहिणींनी बाहेर पडायचं कसं? माणसं तापली. "आपल्या घरातली घाण तिथं जाऊन बसलीय, आणि तू गप्प?" मीटरनं थोरल्याला डिवचलं. थोरल्यानं वर्कशॉपातल्या सळया स्वतःच्या हातानं वाटल्या.

एका सकाळी जमाव हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर शिरला. काच फुटली. औषधांचं कपाट आडवं झालं, गोळ्या फरशीवर गारांसारख्या उधळल्या. पळणाऱ्या एका प्रौढ माणसाला दोघांनी कॉलर धरून भिंतीवर आपटलं, त्याचा चष्मा बुटांखाली चुरडला. डॉक्टरीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. पिकलेल्या केसांच्या, ठेंगण्याशा बाई. "इथं माणसं आहेत! मागं व्हा!" त्या ओरडल्या. थोरल्यानं त्यांना ढकललं, आतली लोखंडी खुर्ची उचलली आणि गळ्यात हात बांधलेला भाऊ दिसला तिकडे जीव खाऊन भिरकावली.

खुर्ची धाकट्याला लागली नाही. त्याच्यामागच्या आतल्या दारातून एक बाई बाहेर आली होती, तिच्या कपाळावर बसली. ती खाली कोसळली. क्षणात अर्धा चेहरा रक्तानं माखला.

ती धाकट्याची बायको होती!

सळया खाली आल्या. मीटर सगळ्यांत आधी जिन्याकडे पळाला. त्याच्यामागं बाकीचे. थोरला मात्र जागचा हलला नाही.

"तू... तू इथं काय करतेस?"

"इथं येणाऱ्यांच्या बायकांशीही बोलतात, वेगळ्या खोलीत," ती उठून बसत म्हणाली. धाकट्यानं पुढं केलेला रुमाल तिनं घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी यांना माफ केलेलं नाही, भाऊजी. पण माझ्या नावानं तुम्ही यांचं हाड मोडलंत, तेव्हा मला विचारलं होतं? हात गळ्यात बांधून घरी आले, त्याच संध्याकाळी ते पुन्हा त्या बायकांकडेच गेले, इथं स्वतःच कबूल केलंय त्यांनी. तुमच्या मारानं एवढंच झालं!"

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. "खरंय, दादा," धाकटा मान खाली घालून म्हणाला. "लाज वाटली की तीच ओढ आणखी वाढते. मला त्यातलं सुखसुद्धा मिळत नाही रे आता. नुसतं थांबता येत नाही."

डॉक्टरीणबाई टाके घालायचं सामान घेऊन आल्या. त्यांचा स्वतःचा ओठ फुटला होता.

"बाई, तुमची गोळी तरी नक्की लागू पडते का?" थोरल्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही, म्हणून तर संशोधन. काहींना औषधाची गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला काय मिळालं ते मलाही कळू देत नाहीत, नाहीतर माझ्या मनासारखंच मला दिसेल. बोलून करायचा उपचार मात्र सगळ्यांना. ऊर्मी चढते तशी ओसरतेही, तोवर तग कसा धरायचा ते शिकवतो. सगळं आपल्या राजीखुशीनं. कुणालाही केव्हाही सोडून जाता येतं."

"म्हणजे तुमचं सगळं अंधारातच!"

"अंधारात आहे हे मी कबूल करते. तुम्ही करत नाही," त्या टाका ओढत म्हणाल्या. "मारण्याचा उपचार तर पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. किती बरे झाले? आणि नीट ऐका, आजार म्हटलं म्हणजे गुन्हा माफ झाला असं नाही. कुणावर जबरदस्ती करणाऱ्याची जागा पोलिसांकडे आहे. इथं येतात ती स्वतःलाच भ्यालेली माणसं. या बाईंचं दुःखही खरं आणि यांचा आजारही खरा." मग त्यांनी वर पाहिलं. "तुमचा हात उठतो, तेव्हा तुम्हाला थांबवता येतो?"

"तो रागाच्या भरात..."

ठरवून कधी उठला होता थोरल्याचा हात?

"जाऊबाईंना विचारा," धाकट्याची बायको हळूच म्हणाली. "तुमच्या चपला दारात वाजल्या की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात."

आपल्याला कुठल्या आजारानं धरलंय, हे आजवर थोरल्याला कुणी विचारलंच नव्हतं! भावाला मारून बरा करायला निघालेला तो, आणि दोन बायकांचं रक्त आणि भय त्याच्याच हातावर!

डॉक्टरीणबाईंनी तक्रार केलीच. दयामाया दाखवली नाही, आणि थोरल्यानंही मागितली नाही. तो स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला, सळया आपण वाटल्या हे कबूल केलं. खटला लागला, तो जामिनावर सुटला. मोडलेलं कपाट त्यानं दुरुस्त करून दिलं, फुटलेली काच बसवून दिली, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "राग आवरायलाही शिकवतो आम्ही. मंगळवारी या." तो गेला.

धाकट्याच्या बायकोनं माहेर सोडलं नाही. त्यांच्यात फरक दिसला तर बघू, एवढंच तिनं सांगितलं, आणि कुणी तिच्यावर जोर केला नाही.

मध्यंतरी धाकटा पुन्हा घसरला. तो लपला नाही. भर दुपारी वर्कशॉपमध्ये येऊन उभा राहिला. "दादा, काल पुन्हा गेलो होतो." ऐरणीवर घण चालवणाऱ्या थोरल्याचं मनगट ताठ झालं, नसा फुगल्या. धाकट्यानं डोळे मिटले.

थोरल्यानं घण खाली ठेवला. मंगळवारी शिकवलं होतं तसा राग ओसरेपर्यंत तो श्वास मोजत राहिला.

"चल," तो म्हणाला, "बाईंकडे जाऊ. मी येतो बरोबर."

नागरिकहो, आपल्या गल्लीतही असा एखादा धाकटा असेल, आणि असे थोरले तर घरोघरी आहेत. ज्याचं दुःख आहे त्याचं आधी ऐकून घ्या, गुन्हा असेल तिथं कायद्याला बोलवा, आजार असेल तिथं डॉक्टरांना. पण लाज आणि लाठी यांना उपचार म्हणू नका! त्यांनी आजवर माणसं फक्त मोडली आहेत.