संकष्टीचा दोना

माणसाची दारू सुटावी आणि रिटायर झाल्यावर त्याला काम मिळावं ते लोकांना दारूचे कारखाने दाखवत फिरायचं, हा चावटपणा देवाला आमच्याच घरी सुचायचा होता. आमचे हे, विश्वासराव, भोपाळजवळच्या एका डिस्टिलरीत जन्मभर केमिस्ट होते. घरी बसल्यापासून माझे डबे हुंगत फिरायचे. हळद जुनी झालीय, तेल खवट आहे, हिंगात भेसळ आहे. मी अगदी विटले होते. त्यामुळे संपदा नावाची ती पोरगी घरी आली आणि म्हणाली, की तिची कंपनी पर्यटकांची एक सहल सुरू करतेय, बसनं दोन व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या आणि शेवटी जंगलातल्या गावात मोहाची भट्टी, सोबत जाणकार माणूस हवाय, तेव्हा मी मुकाट्यानं चहा टाकला. ती गेल्यावर मात्र माझं डोकं फिरलं.

कारण यांची दारू. लपवण्यासारखं काही नाही, आमच्या सगळ्या अशोका गार्डन कॉलनीला माहीत आहे. आमच्या मृणालच्या लग्नात सीमांतपूजनाला वधूपिता मांडवात आडवे झाले होते. व्याह्यांनीच उचलून खोलीत नेलं. लग्न लागलं, लेक गेली, आणि त्याच दिवशी मी माझी बॅग भरली. नागपूरला बहिणीकडे जायचं, बस झालं. नागपूरची गाडी तर आमच्या घरामागूनच जाते, जाताना भोंगा वाजवते. पण हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, आजपासून नाही. तोंड बघून मी थांबले. त्यानंतर थेंब घेतला नाही त्यांनी, खोटं का बोलू? पण ती बॅग मी रिकामी केली नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली. झाडताना बाहेर काढायची, पुन्हा आत.

आणि आता हे काम! प्यायची गरजच नाही म्हणाले, सगळं नाकाचं काम असतं, हातावर थेंब चोळायचा आणि वास घ्यायचा. मी म्हटलं, वाह, आणि पोहता येतं म्हणून मगरीच्या तळ्यात उतरा. हे हसले नाहीत. म्हणाले, कांचन, मला तेवढं एकच काम येतं गं.

पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी संपदाचा फोन आला. एक सीट रिकामी आहे, काकू येता का? सरांना सांगू नका, त्यांना संकोच वाटेल. मला तर देवच पावला. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळला, वर काळा चष्मा, आणि बसच्या अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसले. हे पुढे ड्रायव्हरशेजारी, माइक घेऊन. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं, आंधळे आहेत.

पहिल्या डिस्टिलरीत तांब्याचं ते मोठं भांडं दाखवलं, दुसरीत लाकडी पिंपं. लोक छोट्या ग्लासांतून चाखत होते आणि हे तळहातावर थेंब चोळून वास घेत सांगत होते, यात बघा मनुकांचा गोडवा येतोय, यात ओल्या लाकडाचा वास. काय सुंदर बोलत होते! घरी कधी असे बोलले नाहीत मेले. पण माझी नजर त्यांच्या हातावर. हात नाकाशी गेला की माझा श्वास अडकायचा, खाली आला की सुटायचा. नुसता देव पाण्यात घालून बसले होते मी.

जेवायला सगळ्यांना पुरी-भाजी. मला संपदानं वेगळा डबा आणून दिला, साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी संकष्टी होती. मी मनात म्हटलं, काय व्यवस्था आहे या कंपनीची, विचारायचं काम नाही. आणि भूक लागली होती म्हणून पुढचा विचार केला नाही.

उन्हं कलता मोहाच्या गावी पोचलो. अंगणात मातीच्या मडक्यांवर मडकी रचलेली भट्टी, आणि तिची मालकीण कमलबाई, केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. तिनं पानांचा एक दोना भरला आणि सरळ यांच्यासमोर धरला. त्या घरची रीतच तशी होती. जो लोकांना घेऊन येतो त्यानं पहिला दोना घ्यायचा, चार थेंब धरतीला द्यायचे आणि बाकीचं पिऊन टाकायचं. तोवर दुसऱ्या कुणाला मिळत नाही, आणि दोना खाली ठेवला तर घराचा अपमान.

यांनी दोना घेतला. मी गर्दीच्या मागे उभी होते. दारूचा गोडसर, उग्र वास माझ्यापर्यंत येत होता, मग त्यांच्यापर्यंत किती येत असेल! सगळे मोबाइल वर करून उभे. त्यांनी वाकून चार थेंब मातीवर सोडले आणि दोना वर उचलला. डोळ्यांसमोर फक्त ती पलंगाखालची बॅग.

दोना ओठांपर्यंत गेला नाही. छातीपाशी धरून हे वळले, गर्दीतून थेट माझ्या काळ्या चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कांचन, पुढे ये."

मी स्कार्फमधल्या स्कार्फमध्ये थिजले. लोकांनीच वाट करून दिली. हे कमलबाईला हिंदीत सांगत होते की ही माझी घरवाली, आमच्या घराच्या वतीनं ही घेईल, मला चालत नाही. कमलबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हसली.

"घरवालीने पिया तो घर ने पिया," ती म्हणाली.

"अहो, संकष्टी आहे माझी," मी पुटपुटले.

"मोहाच्या फुलांचीच असते. उपवासाला चालेल," हे म्हणाले. चेहरा गंभीर, पण डोळ्यांत पाणी होतं.

मी गणपतीची माफी मागितली आणि दोना रिकामा केला. आई गं! घशापासून पोटापर्यंत जाळ. खोकून खोकून चष्मा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कमलबाईनं पाठ चोळली. आणि त्या जाळातही मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो खणकन पडल्याचं मला ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये हे मागे माझ्या शेजारी येऊन बसले. माझं डोकं गरगरत होतं, ते त्यांच्या खांद्यावर टेकलं.

"खिचडीत मीठ बरोबर होतं का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्या खांद्यावरून डोकं उचललं.

"सीट मीच मागितली होती संपदाकडे," ते म्हणाले. "त्या रीतीबद्दल तिनं आधीच सांगितलं होतं. एकट्यानं तो दोना हातात धरायची माझी हिंमत नव्हती, कांचन."

मी म्हणजे त्यांच्यावर पहारा ठेवायला लपूनछपून गेले होते, आणि त्यांनीच मला पहाऱ्यावर नेऊन बसवलं होतं. मी हसले की रडले, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती, बघू दे.

सकाळी डोकं ठणकत होतं. चहा यांनी केला. मी वाकून पलंगाखालची बॅग ओढली, साड्या काढल्या आणि गच्चीत उन्हात घातल्या. डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. खाली आले तर हे रिकाम्या बॅगेपाशी उभे. त्यांनी स्टूल आणलं, वर चढले आणि बॅग पार मागे, माळ्यावर ढकलून दिली.